मार खाल्लेल्याची शिफारस

अकोला,
दि. ९ डिसेंबर २०२४

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा डबा पोचला. त्यातले दोन लाडू आमच्या रुबीना मॅडमना दिले. त्यांनी खाल्ले, पण उपयोग झाला नाही, कारण परवा मी वर्गात एका माणसाला मारलं.

हसू नकोस. समुपदेशनाच्या कोर्सला सरावाचा तास असतो. एकाने बायकोला मारणारा नवरा व्हायचं, दुसऱ्याने समुपदेशक होऊन त्याचं ऐकून घ्यायचं. नवरा झाला होता विपुल. हा शाळामास्तर, झुरळ मारायलाही दुसऱ्याला बोलावणारा. मी समुपदेशक. तो पाठ केल्यासारखं सांगत होता की दोन लावल्याशिवाय ती ऐकतच नाही. पाच मिनिटं मी मान डोलावली. मग तो हसला. अक्का, ते हसणं मी पोलिसात एकोणचाळीस वर्षं लॉकअपमध्ये पाहिलंय. माझा हात कधी उठला, मलाच कळलं नाही. तो खुर्चीसकट पडला, ओठ फाटला, वहीवर रक्त सांडलं. मी कॉलर धरून दुसरी लावणार, तेवढ्यात चौघांनी मला ओढलं.

मॅडम ओरडल्या नाहीत. म्हणाल्या की हा हात आज पहिल्यांदा उठलेला नाही. घरातल्या ज्या माणसाने तुमचा मार खाल्ला आहे, त्याचं पत्र आणा. तुम्हाला दुःखी माणसापुढे बसू द्यावं की नाही, हे त्याने लिहायचं. महिनाअखेर पत्र आलं नाही तर कोर्स संपला.

रागिणी आणि पियुष, दोघं मायलेक, पुण्याहून माझी पत्रं न फोडता परत पाठवतात. पोराचा हात पट्ट्याने मोडणाऱ्या बापाचं पत्र कोण फोडेल? राहिलीस तू. तुझ्यावर मी जन्मात हात उगारला नाही, पण मॅडमना काय कळणार? लहानपणची एखादी चापट लिही आणि खाली शिफारस कर. आमच्या ठाण्यातला नत्थुजी हवालदार माझ्याजवळ रडायला आला होता, मी त्याला मर्द हो म्हणून हाकललं आणि दुसऱ्या दिवशी त्याने जीव दिला, हे तुला ठाऊक आहे. पुढचा माणूस आला तर मला नीट बसून ऐकता आलं पाहिजे. एवढ्यासाठी या वयात वही धरली आहे.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून सगळं लिहिलं. भाऊजींना नमस्कार. रागाव हवं तेवढी, पण डबे बंद करू नकोस.

तुझा,
श्याम


वलगाव,
दि. १४ डिसेंबर २०२४

चि. श्यामरावास अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून कपाळावर हात मारून घेतला. दिवाळीत तू ह्यांच्यावर सराव केलास आणि हे मध्येच घोरायला लागले, आठवतं? ह्यांचं म्हणणं, झोपलो म्हणून वाचलो.

आता थट्टा पुरे. या कोर्सचा फॉर्म तुझ्यामागे लागून मीच भरायला लावला. तू वह्या पाठवतोस, त्यांचं पान न् पान मी वाचते. तसंच हेही पत्र वाचलं, आणि एका वाक्याशी थांबले. माझ्यावर तू जन्मात हात उगारला नाहीस.

पोलीस भरतीचा दिवस आठव. आदल्या संध्याकाळी मी तुझे कॅनव्हासचे बूट धुतले. सकाळपर्यंत ते वाळले नाहीत. तू एक बूट उचललास आणि माझ्या डाव्या कानावर मारलास. एकदा नाही. मी चुलीपाशी पडले तरी मारत होतास. आई मध्ये आली, तिला ढकललंस. मग तेच ओले बूट घालून पळालास. माझ्या कानातून आधी रक्त आलं, मग पंधरा दिवस पू. संध्याकाळी तू भरती होऊन आलास तेव्हा कानात कापूस घालून मीच पेढे वाटले. आईने गावभर सांगितलं की सुंदराचा कान तापात गेला. ठरलेलं लग्न मोडलं. उजवा कान पुढे वयाने गेला, तो मी तुझ्या माथी मारत नाही.

चाळीस वर्षं मला वाटत होतं की तुला आठवतं आणि तू लाजेने बोलत नाहीस. त्या लाजेपायी मी तुझ्यावर माया केली. तू तर विसरूनच गेला होतास रे!

खोटी चापट मी लिहिणार नाही. खरं पत्र हवं असेल तर कळव. तब्येतीला जप. लोभ आहे, पण आज लिहायला हात अडतो.

तुझी,
अक्का


अकोला,
दि. १८ डिसेंबर २०२४

सुंदराबाईस,

तुझा कान तापात गेला. आई खोटं बोलणारी नव्हती. म्हातारपणी तुझं डोकं फिरलंय आणि ते तू माझ्यावर काढतेस. पत्र फाडून टाकलं. असलं काही मॅडमना लिहिलंस तर वलगावला येईन आणि जन्मात उगारला नाही तो हात उगारीन.

श्याम


अकोला,
दि. २३ डिसेंबर २०२४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुला खोटं पाडायला मी साक्षीदार शोधायला गेलो. सवय आहे ना. आपल्या शेजारच्या जाईबाई आता इथे लेकाकडे असतात. त्यांना विचारलं की अक्काचा कान कशाने गेला. त्या म्हणाल्या की तुले आता आठोलं काय रे बाप्पा? तू त मारून भरतीले पयाला, रक्त म्या पुसलं. पोराची नोकरी जाईन म्हणून तुह्या मायनं आमाले तोंड उघडू देलं नाही.

घरी आलो आणि कपाटाच्या आरशावर मूठ मारली. सात टाके पडले, म्हणून अक्षर असं आहे.

अक्का, मी रोज आठवून पाहतो. बूट ओले होते, ते आठवतं. धावताना पाय गार पडले होते, ते आठवतं. तू आठवत नाहीस. एकोणचाळीस वर्षं मी लोकांना मारून कबूल करायला लावलं, आणि माझंच मला माहीत नव्हतं.

खरं पत्र लिही. मागच्या पत्रातली धमकीही त्यात घाल. लोभ मागायला तोंड नाही.

श्याम


वलगाव,
दि. २७ डिसेंबर २०२४

रुबीना मॅडम यांस,
स. न. वि. वि.

मी श्यामची मोठी बहीण. त्याने एकोणिसाव्या वर्षी बुटाने मारून माझा कान फोडला आणि तो विसरला. या महिन्यात आठवण दिली तर त्याने मला मारायची धमकी दिली. हे पाकीट मी उघडंच त्याच्याकडे पाठवते आहे. तुमच्यापर्यंत पोचलं तर समजा की त्याने वाचून दिलं.

माझी शिफारस नाही. यंदा त्याला कोणा दुःखी माणसापुढे बसवू नका. पण काढूनही टाकू नका. त्याला आधी पेशंटच्या खुर्चीत बसवा, आणि तो खोटं बोलला तर उठू देऊ नका. तो शिकावा असं माझ्याइतकं कोणालाच वाटत नसेल. कळावे.

सौ. सुंदराबाई


अकोला,
दि. १६ जानेवारी २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट दोन दिवस उशाशी ठेवलं. एकदा काडेपेटीही काढली. मग नेऊन दिलं. मॅडमनी तुझं सगळं ऐकलं. दर मंगळवारी मी पेशंटच्या खुर्चीत बसतो. समोर ऐकायला कोण, तर विपुल मास्तर. त्यानेच मागून घेतलं. ओठावरचा व्रण अजून लाल आहे. पहिल्या दिवशी मी हात खिशातून काढला, तेव्हा त्याने खुर्ची मागे सरकवली. मी पाहिलं. मग दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. तास तसाच संपला.

आजवर मी तुझ्याकडे न विचारता येत होतो. आता विचारतो, येऊ का? नको म्हणालीस तर येणार नाही.

तुझा,
श्याम


वलगाव,
दि. २१ जानेवारी २०२५

चि. श्यामरावास अ. उ. आ.

ये. रविवारी ये, हे घरी असतात. माफ केलं असं धरून येऊ नकोस, ते अजून व्हायचं आहे. जेवायला काय करू ते कळव.

दारातून हाका मारू नकोस, ऐकू येत नाही. अंगणातून वळसा घालून मागच्या दाराने तर मुळीच येऊ नकोस. पाठीमागे कोणी आलं की मी अजून दचकते. समोरून ये.

तुझी,
अक्का