दीर्घिकेच्या कडेचा ठिपका

९ मार्च
सापडला! एकोणीस वर्षांनी!

दादा दुर्बिणीतून फोटो काढतो, मी ते जुन्या फोटोंशी ताडून बघते. चाळीस दीर्घिका, दर पंधरवड्याला. आजवर हाती भोपळा. दोन तारखेचे फोटो त्याने लगेच पाठवले होते. मी उघडलेच नाहीत — दातांच्या लॅबमध्ये कवळ्यांचा ढीग पडलेला. आज जेवणाच्या सुट्टीत, प्लास्टरच्या हातांनीच उघडले. एका जवळच्या दीर्घिकेच्या कडेला एक ठिपका. फेब्रुवारीतल्या फोटोत नव्हता! तीनदा ताडून पाहिलं. सुपरनोव्हाच असणार, फुटलेला तारा.

दादाला फोन लावला. वहिनीने उचलला. "अगं, हे बाथरूममध्ये पडलेत. हॉस्पिटलला निघालोय."

१० मार्च
उजवी बाजू गेली. वाचाही. कानाशी वाकून म्हटलं, "दादा, सापडला रे." डोळे मिटलेलेच.

बाहेर बाकड्यावर बसून वेधशाळेला कळवलं — दोघांच्या नावाने.

११ मार्च
उत्तर आलं. सुपरनोव्हाच आहे. पण दुसऱ्या कुणीतरी पाच तारखेलाच कळवलाय. 'आपण घेतलेल्या तसदीबद्दल आभार.'

सात दिवस माझ्याकडे पडून होता. सात दिवस! मी लोकांच्या कवळ्या घासत बसले.

१३ मार्च
दादाने डोळे उघडले. मी धडधडीत खोटं बोलले — "आपणच पहिले, दादा. नाव लागलं आपलं." त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. वहिनीने टिपलं. डॉक्टर म्हणाले, "त्यातून काही अर्थ काढू नका. सुधारणा अजिबात नाही."

वहिनीला खरं ठाऊक आहे. जिन्यात म्हणाली, "बरं केलंस." मला मान वर करवेना.

१४ मार्च
दिवसभर ढग. असेनात का.

१६ मार्च
पहाटे गेला. मी कँटीनमध्ये चहाच्या रांगेत होते.

२१ मार्च
कामावर गेले. एक कवळी उलटी बसवली. मालकांनी स्वतःच ती सरळ केली. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

२५ मार्च
वहिनी म्हणाली, "कॉम्प्युटर तूच घेऊन जा. त्यात तुमचे तारेच आहेत सगळे, मला काय कळणार त्यातलं?"

आत्ता उघडला. दादाने वेधशाळेसाठी लिहून ठेवलेलं पत्र, न पाठवलेलं. तारीख तीन मार्च. ठिपक्याची जागा अचूक, तेज अचूक. शोधक म्हणून माझं एकटीचं नाव.

वर, स्वतःसाठी एक ओळ — 'धाकटीने आपणहून शोधला, की लगेच पाठवायचं.'