बाबा सामना बघून गेले

क्लीव्हलँड, जुलै १९५२

प्रिय आई,

तुझा गुडघा आता बरा असेल असं धरून लिहितो. पायऱ्या चढता येतात का? मी मजेत आहे.

बेसबॉलच्या मोठ्या संघाच्या कॅचरचं बोट दुखावलं म्हणून अखेर मला बोलावलं, हे तुला ठाऊकच आहे. बाबा नेब्रास्काहून बसने आले आणि उन्हात पहिल्या रांगेत बसले. पण सकाळीच त्या कॅचरच्या बोटाची सूज उतरली आणि तोच खेळला. मी नवा कोरा गणवेश घालून शेवटपर्यंत बाकावर होतो. बाबांनी एकदा हात केला, पण मला मान वर करवली नाही.

आज मॅनेजर म्हणाले, "एव्हरेट, तू गुणी आहेस रे, पण आता चौतिशी आली." म्हणजे परत छोट्या गावांतले सामने, तेही या मोसमापुरतेच. फार वर्षं घालवली मी, आई.

बस सुटताना बाबा म्हणाले, "तुझ्या आईला सांगतो, पोरगा झकास खेळला."

मी नको म्हटलं, तर म्हणाले, "गप्प बस, गाढवा."

त्यांनी तसं सांगितलं तर खोडून काढू नकोस, उलट मी कसा खेळलो ते त्यांना विचार. माझ्यापेक्षा त्यांनाच ते जास्त हवं होतं.

तुझाच,
एव्हरेट