मागची तीन वाक्यं खोड

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे सध्या मनातूनच). तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढायला मनाई केली म्हणून तू डॉक्टरच बदललास, असं कानावर आलं. योग्यच केलंस. आमच्याकडे सगळे खुशाल आहेत, मी सोडून.

तुला ठाऊकच आहे, जुन्या इमारती तपासायच्या, हे माझं काम. कुठे ओल आहे, कुठे तडा गेलाय, कुठलं छत कोणाच्या डोक्यावर यायच्या बेतात आहे. पूर्वी दिवसभर हिंडून संध्याकाळी टेबलाशी बसून अहवाल लिहायचो. वाक्य कागदावर उतरेपर्यंत डोक्यात दोनदा घोळायचं, आणि त्या घोळण्यात माझा निम्मा शिष्टपणा गळून जायचा. आता ऑफिसने फोनमध्ये सोय करून दिली आहे : आपण बोलायचं, त्याने लिहायचं. एका हातात बॅटरी, दुसऱ्याने शिडी धरलेली आणि तोंडाने अहवाल चालू, "पूर्णविराम", "नवीन परिच्छेद" हेसुद्धा बोलूनच. चुकलं तर "मागचं वाक्य खोड" म्हणायचं, की गायब! इतकं निमूटपणे माझं आजवर कोणी ऐकलं नव्हतं. त्यामुळे झालं काय, की आधी बोलायचं आणि मग विचार करायचा, अशी सवयच लागली. (ती तुला जन्मापासून आहे, पण तुला शोभते.)

तर गेल्या आठवड्यात तुझ्या भाचेसुनेने रजा काढून बाहेरची खोली स्वतः रंगवली. स्टुलावर चढून, डोक्याला फडकं बांधून, मान अवघडेपर्यंत. मी कामावरून आलो तेव्हा ती शेजारच्या काकूंना खोली दाखवत होती. "कशी झालीय?" तिने हौसेने विचारलं. मी दारातच उभा, आणि तोंड आपोआप सुरू झालं : "खिडकीकडची भिंत. ओल न काढता वरून रंग फासलेला. कामाचा दर्जा निकृष्ट." मग हिचा चेहरा पाहिला आणि लगेच म्हणालो, "मागची तीन वाक्यं खोड. रंग सुरेख आहे." खरं सांगतो आत्या, मी अगदी निर्धास्त होतो. माझ्या लेखी फक्त 'सुरेख' तेवढं शिल्लक होतं. बूट काढता काढता चहासुद्धा मागितला.

तेव्हापासून ही माझ्याशी बोलत नाही, अहवाल देते. "जेवण झाकून ठेवलंय. पूर्णविराम." बाहेर जाताना "नवीन परिच्छेद" म्हणून दार ओढून घेते. काकूंनी सगळ्या इमारतीला सांगितलं ते वेगळंच. मी हसण्यावारी न्यायला पाहिलं. पण काल ती एकटीच भिंतीपुढे उभी राहून ओला डाग नखाने खरवडत होती, आणि मला फार वाईट वाटलं. भिंत ओली आहे हे खरंच आहे गं. पण भिंतीआधी मला तिचे रंगाने माखलेले हात दिसायला हवे होते.

तुझा (अजून तरी) लाडका
भाचा

ता. क. खरं काम आता सांगतो. ती फक्त तुझं ऐकते. मी माफी लिहायला बसलो, तर प्रत्येक खर्डा "पाहणीअंती असे आढळले की" असाच सुरू होतो. तू एक बरा मसुदा करून पाठव, मी माझ्या अक्षरात उतरवतो.

आणखी ता. क. मसुदा नको. मी गोंद शोधायला आत गेलो तेवढ्यात तिने हे पत्र सगळं वाचलं. एके ठिकाणी हसली. कुठे, ते काही केल्या सांगत नाही. तू जिथे हसशील तिथे खूण कर आणि पत्र उलट टपाली पाठव. भिंत खरवडून पुन्हा रंगवायची ठरली आहे, हाताखाली मी आहे, तेव्हा ते वाक्य मला जवळ असलेलं बरं.