तारांच्या गाठी

४ फेब्रुवारी
विद्यापीठातून फोन. ऑनलाइन शिकणाऱ्या एका मुलीची पेटी ह्यांच्या टेबलावर राहिली असेल, तेवढी पाठवाल का? मुलांना घरी बसून विजेच्या जोडण्यांचे प्रयोग करता यावेत म्हणून हे प्रत्येकाला अशी पेटी भरून द्यायचे. ही शेवटची. हे जाऊन आज एकोणीस दिवस.

उघडली. तारांना गाठीच गाठी. ह्यांचा पसारा नेहमीचाच. सगळ्या सोडवल्या, तारा सरळ करून नीट गुंडाळल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच काही मनासारखं केलं. दुपारी कुरियरवाल्याकडे दिली.

८ फेब्रुवारी
त्या मुलीचा फोन.
"काकू, तारांच्या गाठी कुठे गेल्या?"
म्हटलं, गुंता होता, सोडवला.
ती हळूच — "मला दिसत नाही, काकू. लाल तारेला एक गाठ, हिरवीला दोन. सर मारून द्यायचे."
बारा तारखेला तिची प्रात्यक्षिक परीक्षा. घरी फक्त आजी, तिला मोतीबिंदू. "आम्हा दोघींत मिळून अर्धा डोळा," म्हणाली आणि हसली. मला हसता आलं नाही.
ह्यांच्या हातचं शेवटचं काम. माझ्याच नखांनी उसवलं.

९ फेब्रुवारी
जेवले नाही. धाकटी बहीण रागावली — "ताई, उपाशी राहून त्या पोरीच्या तारा जुळणार आहेत का?" खरं आहे तिचं.

१० फेब्रुवारी
व्हिडिओ कॉल. ती एकेक तार कॅमेऱ्यासमोर धरते, मी रंग सांगते, ती गाठ मारते. चौदा तारा. सातवीला मला रडू आवरेना.
"काकू, आधी लाल की हिरवी तेवढं सांगा. मग रडा."
हिरवी, म्हटलं.

१२ फेब्रुवारी
फोन नाही. घड्याळाकडे बघवत नाही.

१३ फेब्रुवारी
पास झाली. बझर पहिल्याच खेपेला वाजला म्हणे.
विचारलं, सरांना हे गाठींचं सुचलं कसं?
"सुचायचं काय त्यात? सर स्वतःसाठीच मारायचे. रिळावरचं लेबल वाचून लगेच गाठ. त्यांना लाल-हिरवा कळायचा नाही ना. तुम्हाला ठाऊकच असेल."
हो, म्हटलं.
एकतीस वर्षं. बाजारातून कच्चे टोमॅटो आणले म्हणून मी बोलत राहिले. हे ऐकून घेत राहिले.