डबीतला कापूस

सोमवार, संध्याकाळ

जीव दमलाय. नणंद देडतलाईहून राहायला आली की माझी लपवाछपवी सुरू. एचआयव्हीची गोळी तशी एकच, तीन औषधं मिळून केलेली, पण ती चोरून घ्यायची. डबी खुळखुळते म्हणून मी तिच्यात दुकानातला कापूस कोंबून ठेवते. गोळीचा नाही, या कापसाचाच कंटाळा आलाय.

आज जेवण झाल्यावर खोलीत जाऊन डबी उघडली, तर आत कापूस दुसराच. आपल्या शेतातला, सरकी काढून हातानं पिंजलेला. असा कापूस घरात फक्त सासूबाईंकडे असतो, वातींसाठी. म्हणजे त्यांना कळलंय? कधीपासून? आता काय म्हणतील?

तेवढ्यात बाहेर नणंदेचा आवाज, "भाभी कुठे गेली? बघून येते."

"बस इथंच," सासूबाई म्हणाल्या. "वाती वळ माझ्यासोबत. येईल ती आरामात."

मी गोळी जिभेवर ठेवूनच बाहेर आले आणि त्यांच्यासमोर माठातलं पेलाभर पाणी प्यायले. सासूबाईंनी वर पाहिलं नाही, वात वळत राहिल्या.

एरवी मी कोरडीच गिळते.