नंजप्पांची डार्क रोस्ट

४ जानेवारी, रविवार
आजपासून चहा बंद. कायमचा. यापुढं फक्त डार्क रोस्ट कॉफी, तीही चिकमगळूरच्या दोन एकरवाल्या शेतकऱ्याची. त्याला पूर्ण भाव मिळतो, याला एथिकल म्हणतात. पाकिटावर फोटो, नाव नंजप्पा, खाली मोबाईल नंबर. बायकोला, सुरेखाला, सगळं समजावलं. ती म्हणाली, बरं, मग माझ्या एकटीचाच टाकते.

५ जानेवारी
बिनदुधाची, बिनसाखरेची घेतली. चव खोल आहे. जिभेला सवय नाही, एवढंच. दुपारी चिकलठाण्याला कंपनीत चहा घ्यावा लागला. सहकारी ऋतुराजनं कप भरून टेबलावर आणून ठेवला होता. ओतून देणं एथिकल नाही.

११ जानेवारी
शेजारच्या गयासभाईंना कॉफी पाजली. म्हटलं, यात चॉकलेट आणि अक्रोड शोधा. त्यांनी डोळे मिटून बराच वेळ शोधलं. मग विचारलं, जली हुई मूंगफली है क्या? माणसाला जाण आहे. दुसरा कप मात्र नको म्हणाले.

१५ जानेवारी
नंजप्पांना मेसेज केला होता, तुमच्या कष्टाची चव रोज घेतो. आज चक्क फोन! बायकोसह घृष्णेश्वराला येतायत. उतरायचं आमच्याकडंच, असं ठणकावून सांगितलं. त्यांचं हिंदी माझ्याइतकंच, त्यामुळं लई जमलं. सुरेखा म्हणाली, पाहुण्यांना चहा तरी द्यायचा का? कॉफीवाल्याला चहा! साफ नकार दिला.

२४ जानेवारी, सकाळी ९
स्टेशनवरून दोघांना घेऊन आलो. स्वतःच्या हातानं कॉफी केली, घट्ट काळी. नंजप्पांनी एक घोट घेतला, कपात वाकून पाहिलं आणि काळजीनं विचारलं, साब, ये किस बीमारी की दवा है?
म्हटलं, तुमचीच कॉफी.
त्यांनी कप हळूच खाली ठेवला. भारावले असणार. मग म्हणाले, आम्ही नुसत्या बिया वाळवून देतो, एवढं काळं कोण भाजतं ठाऊक नाही. आमच्या घरी असं पीत नाहीत.

सकाळी ९.४०
नंजप्पांच्या गिरिजम्मा आणि सुरेखा स्वयंपाकघरात. एकीला कन्नड, एकीला मराठी, तरी हसणं थांबेना. गिरिजम्मांनी पिशवीतून घरची पूड काढली, दूध घातलं, गूळ घातला. सुरेखा दोन कप प्यायली. वासानं गयासभाई आले, तेही दोन. मी तत्त्वावर ठाम. फक्त तुलनेसाठी सुरेखाच्या कपातला एक घोट घेतला. मग उरलेलाही घेतला. तुलना अर्धवट सोडू नये.

२७ जानेवारी
पाहुणे काल गेले. आज कळलं, सुरेखानं आणि गयासभाईंच्या शकीलाभाभींनी मिळून नंजप्पांकडून थेट कॉफी मागवलीय. मधे कुणी नाही. त्यांना हे सुचवायचं माझ्या मनात होतंच.
आत्ता सुरेखानं विचारलं, अहो, तुमची काळी तुम्ही करून घेताय ना?
म्हटलं, दूध घाल.
गूळ?
दोन खडे.