बशीतले सात दाणे

नागपूर, २ मे १९५६

तीर्थरूप मामाजींस उदारामचा पाया पडून नमस्कार.

आपला गुडघा आता कसा आहे? मामींचा खोकला? अर्जुनीच्या तळ्यात पाणी किती उरलं? इकडे सर्व ठीक. या उन्हात मला पाहायला यायचं अजिबात मनावर घेऊ नका.

काल एम.एस्सी.ची तोंडी परीक्षा झाली. (झाली म्हणजे सुरू झाली. संपली की नाही, ते पुढे लिहितो.) माझा प्रबंध आपल्याकडच्या धानांवर, म्हणून मोठ्या परीक्षकांनी कॉलेजातल्या नमुन्याच्या बरणीतले शेवटचे सात दाणे बशीत ठेवले आणि म्हणाले, जात ओळखा. आता धान समोर आलं की आपण काय करतो? मी एक दाणा दाताखाली धरला. कट्कन वाजला, आणि मामाजी, खोली कुठल्या कुठे गेली! आई धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर बसली होती, सुपातलं धान चावून पाहून राहिली होती, तळ्यावरून गार वारा येत होता. ती गेल्यापासून इतकी स्वच्छ कधी दिसलीच नव्हती. मला तिथून उठवेना. दुसरा दाणा चावला, तिसरा चावला... भानावर आलो तो बशी रिकामी, आणि तिघे परीक्षक माझ्या तोंडाकडे पाहून राहिलेले.

हिरानक्खी, मी म्हणालो. बरणीवरची चिठ्ठी लुचई म्हणत होती. चिठ्ठी चुकली आहे, असंही मी सांगून टाकलं (एवढी छाती कुठून आली, देव जाणे). पुरावा काय, म्हणाले. पुरावा माझ्या पोटात! शेवटी ठरलं असं, की पुढच्या शुक्रवारपर्यंत हुबेहूब तसेच दाणे आणून दाखवायचे, नाहीतर नापास. दोन वर्षांची मेहनत पाण्यात जाईल हो मामाजी.

आपला,
उदाराम

ता.क. आईची हिरानक्खी आपण तळ्याखालच्या बांधीत अजून पेरता ना? ढोलीतलं मूठभर बियाणं लवकर धाडावं.

ता.क. २. मूठभर नको, पायलीभर. पत्र टाकायला निघालो तर मोठे परीक्षक फाटकात भेटले. दाण्यावरून तिघांचं जमत नाही, भात खाऊनच ठरवू म्हणतात.

ता.क. ३. मला भात शिजवता येत नाही. आईसारखा फक्त मामींना येतो. दोघंही या, उन्हाचं काय ते पाहू. निकाल काही लागो, मला तो भात जेवायचा आहे.